चुकीची दुरुस्ती आणि दुरुस्तीची चूक

सभा संपली की श्रोत्यांच्या हाती एक कागद देऊन त्यांचा 'फीडबॅक' मागण्याची पद्धत आता साहित्यसंस्थांतूनही रूढ होऊ लागली आहे. श्रोता दोन ओळी लिहितो, कागद गोळा होतात, त्यांची चळत कपाटात जाते आणि पुढील सभा मागील सभेप्रमाणेच पार पडते. ह्या कागदांस 'अभिप्राय' म्हणण्यास आमची हरकत नाही. परंतु त्यांस 'फीडबॅक' म्हणणे बरोबर नव्हे. नियंत्रण-अभियांत्रिकीत ह्या शब्दाचा अर्थ फार काटेकोर आहे. कृतीचा परिणाम मोजावयाचा, इष्ट परिणामाशी तो ताडून पाहावयाचा आणि जो फरक आढळेल त्याच्या अनुरोधाने पुढील कृती बदलावयाची, असे हे वर्तुळ आहे. ते पुरे झाले तरच तेथे फीडबॅक आहे. कोठेही तुटले की उरतो तो केवळ अभिप्राय. मराठीत ह्यासाठी 'प्रत्याभरण' हा शब्द वापरात आहे. परिणाम उलट फिरून पुन्हा कारणात भरला जातो हा भाव त्यातून नीट व्यक्त होतो, म्हणून आम्ही येथे तोच योजीत आहो.

ही कल्पना इतकी सोपी आहे की, तिच्यासाठी एक स्वतंत्र शास्त्र कशाला हवे, असे वाचकांस वाटेल. चूक दिसली की सुधारावी, ह्यात शिकावयाचे ते काय? परंतु चूक सुधारण्यासाठी बसविलेली यंत्रणाच कित्येकदा चूक वाढवू लागते, आणि ती केव्हा व का वाढवू लागते हाच ह्या शास्त्राचा खरा गाभा आहे.

आरंभ परिचित वस्तूपासून करू. लग्नघरी पूर्वी घटिकापात्र ठेवीत. तळाला बारीक छिद्र असलेली ती तांब्याची वाटी पाण्यावर सोडली म्हणजे हळूहळू भरत जाई आणि चोवीस मिनिटांनी, म्हणजे एका घटिकेने, बुडे. तिची सारी अचूकता छिद्राच्या मापावर अवलंबून होती. छिद्रात कण अडकला तर पात्रास ते कळण्याचा मार्ग नव्हता. मुहूर्त चुकला तरी पात्र आपल्या गतीनेच बुडणार. आज्ञा एकदा दिली, पुढे काय झाले ते पाहावयाचे नाही, अशा ह्या रचनेस आपण उघडे नियंत्रण म्हणू.

इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथे होऊन गेलेल्या क्टेसिबियसने पाण्याच्या घड्याळासाठी निराळी युक्ती योजली. त्याच्या घड्याळात पाणी एकसारख्या धारेने पडत राहणे आवश्यक होते, आणि धार एकसारखी राहावयाची तर वरच्या भांड्यातील पातळी स्थिर हवी. त्याने त्या भांड्यात एक तरंगणारा गट्टू ठेवला. पातळी वाढली की गट्टू वर चढून पाण्याची वाट अडवी. पातळी उतरली की खाली येऊन ती मोकळी करी. येथे पातळी स्वतःच स्वतःस सावरते. आपल्या गच्चीवरील टाकीत जो बॉलकॉक असतो, तो ह्याच कुळातील आहे. परिणाम वाढला तर कारण घटवावयाचे आणि परिणाम घटला तर कारण वाढवावयाचे, म्हणून ह्यास ऋण प्रत्याभरण म्हणतात. येथे 'ऋण' हा शब्द निंदेचा नाही. उलट सारी स्थिरता त्या ऋणातच आहे. ध्वनिक्षेपकाजवळ कर्णा ठेवला असता जी कर्कश किंकाळी उठते, ते धन प्रत्याभरण होय. तेथे आवाज आवाजास वाढवितो.

ही कल्पना उद्योगधंद्यांत शिरली ती वाफेच्या एंजिनामुळे. एका एंजिनावर अनेक यंत्रे चालत. त्यांतली काही मध्येच थांबविली की भार हलका होऊन एंजिन भरधाव सुटे; पुन्हा जोडली की ते मंदावे. १७८८ साली जेम्स वॉटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन ह्याने लंडनच्या आल्बियन गिरणीत जात्यांवर बसविलेले एक साधन पाहिले आणि वॉटला कळविले. वॉटने ते आपल्या एंजिनास जोडले. मूळ कल्पना गिरणीवाल्यांची होती. ती आपली, असे वॉटने कधी म्हटले नाही. एका उभ्या दांड्यास दोन बाहू, बाहूंच्या टोकांस दोन जड गोळे, आणि तो दांडा एंजिनच फिरविणार. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जाऊन वर उचलले जातात. ते उचलले गेले की एक तरफ ओढली जाऊन वाफेची झडप मिटत जाते. वेग घटला की ह्याच्या उलट. ह्या साधनास 'गव्हर्नर' हे नाव पडले.

ह्या गव्हर्नरात एक उणीव होती. समजा, एंजिनावरील भार वाढला. वेग घटेल, गोळे खाली येतील आणि झडप अधिक उघडेल, इथपर्यंत ठीक. पण वाढलेला भार ओढण्यासाठी झडप तशीच अधिक उघडी राहिली पाहिजे. त्यासाठी गोळे खालीच राहिले पाहिजेत. आणि गोळे खाली राहावयाचे तर वेग मूळच्यापेक्षा थोडा कमीच राहिला पाहिजे. म्हणजे चुकीच्या प्रमाणात दुरुस्ती करणारे यंत्र चूक पुरती कधीच नाहीशी करू शकत नाही. दुरुस्ती चालू राहण्यासाठी त्यास थोडी चूक शिल्लक ठेवावीच लागते.

मग ह्यावर उपाय सुचतो तो असा, की गव्हर्नर अधिक तिखट करावा. वेगात अल्प फरक पडताच झडप पुष्कळ हलावी. हा उपाय कारागिरांनी केला आणि तेथेच खरी अडचण उभी राहिली. एंजिन हेलकावे खाऊ लागले. वेग वाढे, मग एकाएकी घटे, पुन्हा वाढे. गोळे वरखाली नाचत राहत. इंग्रज कारागीर ह्यास 'हंटिंग' म्हणत, जणू ते यंत्र हरवलेल्या वेगाची शिकार करीत आहे! विशेष हे की, एंजिनांची घडण जसजशी सफाईदार होत गेली, सांधे गुळगुळीत होऊन घर्षण कमी झाले, तसतसा हा रोग वाढला. जुन्या ओबडधोबड यंत्रांतले घर्षण हेलकावे जिरवून टाकी. घर्षणावाचून असा साधा गव्हर्नर स्थिर राहूच शकत नाही, हे पुढे रशियन अभियंता विश्नेग्राद्स्की ह्याने १८७६ साली गणिताने दाखविले.

असे का व्हावे? ह्याचे उत्तर न्हाणीघरातील गरम पाण्याचा नळ देतो. बंब दूर असेल तर नळ फिरविल्यापासून गरम पाणी येण्यास वेळ लागतो. अधीर मनुष्य पाणी गारच आहे असे पाहून नळ आणखी फिरवितो, पुन्हा फिरवितो. मग एकाएकी कढत पाणी येते. तो घाईने नळ उलट फिरवितो, पण अंगावर येत असते ते मघाशी सोडलेले पाणी. अखेर बर्फासारखे पाणी येते आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ. ह्यात त्या मनुष्याचा एकही निर्णय दिशेने चुकलेला नाही. गार होते तेव्हा त्याने गरम केले, कढत होते तेव्हा गार केले. चुकले ते इतकेच, की प्रत्येक दुरुस्ती आताच्या पाण्यासाठी केली, पण ती लागू पडली पुढच्या पाण्यास.

झोपाळ्याच्या दृष्टांताने हे अधिक स्पष्ट होईल. हलत्या झोपाळ्यास थांबवावयाचे तर तो ज्या दिशेने चालला असेल तिच्या उलट हात लावावा लागतो. पण तुमचा हात अर्ध्या झोक्याइतका उशिरा पोहोचला, तर तोवर झोपाळा परत फिरलेला असतो. मग तोच हात त्यास अडविण्याऐवजी ढकलतो. उशिरा आलेले ऋण अशा रीतीने धन होऊन बसते. ढकलण्याचा जोर कमी असेल तर झोके तरीही विरत जातील. जोर पुरेसा असेल तर ते वाढतच जातील. विलंब आणि जोर, ह्या दोहोंच्या मेळावर सारे अवलंबून आहे.

सह्याद्रीच्या कड्यांवरून लांब नळांतून पाणी खाली आणून ज्या जलविद्युत्केंद्रांत चक्रे फिरवितात, तेथील अभियंत्यांस तर ह्याहून चमत्कारिक प्रसंगास तोंड द्यावे लागते. विजेची मागणी वाढली म्हणून चक्राकडे जाणारी वाट अधिक उघडली, तर पहिल्या क्षणी शक्ती वाढण्याऐवजी घटते! कारण नळातील पाण्याच्या प्रचंड स्तंभास वेग घेण्यास अवधी लागतो, आणि तोवर वाट रुंद झाल्याने पाण्याचा दाब तेवढा उतरतो. ह्या क्षणिक घटीस फसून नियंत्रकाने वाट आणखी उघडली, तर हेलकावे ठरलेलेच. म्हणून अशा चक्रांचा नियंत्रक मुद्दाम सबुरीचा करावा लागतो.

हेलकाव्यांचा प्रश्न विद्वानांपुढे प्रथम आला तो आकाशाच्या वाटेने. ग्रीनिच वेधशाळेचे प्रमुख जॉर्ज एअरी ह्यांना ताऱ्यांच्या मागोमाग दुर्बीण मंद व समगतीने फिरवावयाची होती. त्यासाठी बसविलेला नियंत्रक अनावर होऊन हेलकावू लागल्याचे त्यांनी पाहिले आणि १८४० साली त्या गतीची समीकरणे मांडून पाहिली. तथापि सर्वसाधारण प्रश्न विचारला तो जेम्स क्लार्क मॅक्सवेल ह्यांनी. विद्युत्-चुंबकीय सिद्धांतासाठी जगास परिचित असलेल्या ह्या शास्त्रज्ञाने १८६८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे गव्हर्नरांवर एक छोटासा निबंध मांडला. नियंत्रणशास्त्राचा पाया त्या निबंधाने घातला, असे आज मानतात.

मॅक्सवेल ह्यांचा प्रश्न असा. यंत्र समगतीने चालले असता त्यास किंचित ढळविले, तर त्या ढळण्याचे पुढे काय होईल? चारच गोष्टी संभवतात. ते एकसारखे वाढत जाईल. एकसारखे कमी होत जाईल. हेलकावे घेत वाढत जाईल. किंवा हेलकावे घेत कमी होत जाईल. दुसरी आणि चौथी स्थिती असेल तरच यंत्र स्थिर म्हणावयाचे. ह्यांपैकी कोणती स्थिती येणार ते यंत्राच्या समीकरणाच्या मुळांवरून ठरते: सर्व मुळांचा वास्तव भाग ऋण असला पाहिजे. म्हणजे एखादा गव्हर्नर हेलकावेल की नाही, हे तो ओतण्यापूर्वीच कागदावर सांगता येईल. तिसऱ्या घाताच्या समीकरणासाठी त्यांनी ही अट पूर्णपणे सांगितली. वरच्या घातांसाठी सर्वसाधारण नियम मात्र त्यांना सापडला नाही.

तो सापडला एडवर्ड राउथ ह्यांना. केंब्रिजच्या १८५४ सालच्या गणिताच्या परीक्षेत राउथ पहिले आणि मॅक्सवेल दुसरे आले होते. पुढे केंब्रिजच्या अ‍ॅडम्स पारितोषिकासाठी गतीच्या स्थिरतेचा विषय ठेवण्यात आला. त्या वेळी परीक्षकांत मॅक्सवेल होते, आणि १८७७ साली ते पारितोषिक राउथ ह्यांनी मिळविले. स्वतःला न सुटलेले कोडे जाहीर करून जुन्या प्रतिस्पर्ध्याने ते सोडविलेले पाहणे, ह्यात ज्ञाननिष्ठेचा एक सुंदर नमुना आम्हांस दिसतो. झुरिच येथे हुर्विट्झ ह्यांनी १८९५ साली तोच नियम स्वतंत्र रीतीने शोधला. त्यांना तो प्रश्न घातला होता जलचक्रांच्या नियंत्रणात गुंतलेल्या स्टोडोला नावाच्या अभियंत्याने.

स्थिरता पारखता येऊ लागली, पण चांगला नियंत्रक घडवावा कसा? ह्याचे उत्तर यंत्रशाळेतून न येता जहाजाच्या सुकाणूपाशी आले. निकोलस मिनोर्स्की ह्या रशियात जन्मलेल्या अभियंत्याने कसलेले खलाशी सुकाणू कसे धरतात ह्याचा विचार केला आणि १९२२ साली आपला निष्कर्ष मांडला. नवखा मनुष्य केवळ जहाज वाटेपासून किती ढळले एवढेच पाहतो. कसलेला खलाशी तीन गोष्टी पाहतो. जहाज आता किती ढळले आहे, ही पहिली. ते किती वेगाने वळत आहे, ही दुसरी. नाळ इष्ट दिशेस पोहोचण्याच्या आधीच तो सुकाणू सैल करून उलट धरतो, म्हणजे ती पलीकडे जात नाही. आणि वारा किंवा प्रवाह एकाच बाजूने सतत रेटीत असेल तर साठत गेलेली चूक ध्यानी घेऊन तो सुकाणू कायमचे थोडे तिरपे ठेवतो, ही तिसरी. वर्तमानातील चूक, भूतकाळात साठलेली चूक आणि भविष्यात होऊ घातलेली चूक ह्या तिहींच्या बेरजेने दुरुस्ती ठरवावयाची, असा हा नियम आहे. साठलेल्या चुकीचा हिशेब ठेवल्याने वॉटच्या गव्हर्नरातील उरलेली चूक नाहीशी होते. होऊ घातलेल्या चुकीकडे पाहिल्याने विलंबाची भरपाई होते. आज कारखान्यांतील तापमान, दाब आणि प्रवाह सांभाळणारे असंख्य नियंत्रक ह्याच त्रिपदी नियमाने चालतात.

येथे भाषेचा एक योग सांगण्याजोगा आहे. 'गव्हर्नर' हा शब्द सुकाणू धरणाऱ्यास ग्रीक भाषेत जो शब्द होता त्यापासून लॅटिनमार्गे आला आहे. त्याच ग्रीक शब्दावरून नॉर्बर्ट वीनर ह्यांनी १९४८ साली ह्या साऱ्या विचारास 'सायबर्नेटिक्स' हे नाव दिले. आपल्या 'कर्णधार' ह्या शब्दातही कर्ण म्हणजे सुकाणूच. क्रिकेटच्या संघनायकास कर्णधार म्हणताना ते सुकाणू आता कोणास आठवत नाही, इतकेच.

प्रत्याभरणासाठी काही मोलही द्यावे लागते. अमेरिकेतील दूरध्वनीच्या लांब तारांवर ठिकठिकाणी ध्वनिवर्धक बसवीत, आणि प्रत्येक वर्धक आवाजात थोडी विकृती मिसळी. १९२७ च्या ऑगस्टमध्ये हॅरल्ड ब्लॅक हे हडसन नदी ओलांडीत असता नावेतच त्यांना उपाय सुचला आणि हातातील वर्तमानपत्रावर त्यांनी तो टिपून ठेवला. वर्धकाची शक्ती गरजेपेक्षा पुष्कळ अधिक ठेवावयाची आणि त्याच्या आवाजाचा काही अंश उलटा करून पुन्हा त्याच्याच तोंडी द्यावयाचा. शक्ती बरीचशी वाया जाते, पण विकृती त्याहून अल्प उरते. मुद्दाम शक्ती गमावणारा हा वर्धक लोकांस इतका विपरीत वाटला की, त्याचे पेटंट मिळण्यास नऊ वर्षांहून अधिक काळ लागला. असे वर्धक केव्हा किंचाळू लागतील ह्याची कसोटी हॅरी नायक्विस्ट ह्यांनी १९३२ साली दिली. झोपाळ्याच्या दृष्टांतात आम्ही जे सांगितले, त्याचेच ते गणिती रूप आहे.

आतापर्यंत आम्ही जोर आणि विलंब ह्यांचा विचार केला. तिसरी गोष्ट राहिली, आणि ती सर्वांत भयंकर आहे: मोजमाप. नियंत्रकास जगाचे ज्ञान केवळ मापकाच्या डोळ्यांनी होते. मापक खोटे बोलला तर नियंत्रक त्या खोट्याशी पूर्ण निष्ठेने वागतो. बोइंग ७३७ मॅक्स विमानांत नाक प्रमाणाबाहेर वर गेल्यास ते खाली दाबणारी एक स्वयंचलित योजना होती, आणि एका वेळी ती एकाच कोनमापकावर विसंबून होती. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात आणि १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात तो मापक चुकीचा कोन सांगू लागला. नाक वर गेलेले नसतानाही योजना ते पुनःपुन्हा खाली दाबीत राहिली. वैमानिक वर ओढीत होते, योजना खाली रेटीत होती. पहिल्या अपघातात १८९ आणि दुसऱ्यात १५७ माणसे मृत्युमुखी पडली. त्या योजनेत आळस नव्हता, विलंब नव्हता, नियमाचा भंगही नव्हता. तिला जे सांगितले गेले त्याप्रमाणेच ती वागत होती. त्यानंतर विमाने पुन्हा उडू लागण्यापूर्वी दोन मापकांची वाचने ताडून पाहणे आणि दाब पुनःपुन्हा न देणे, ह्या सुधारणा करण्यात आल्या. दोन साक्षीदारांचे पटत नसेल तर गप्प बसावे, हे शहाणपण यंत्रास ३४६ जीव गेल्यावर शिकविले गेले.

तेव्हा दुरुस्तीस निघालेल्या कोणासही हे शास्त्र तीन प्रश्न विचारते. किती जोराने? किती उशिराने? आणि कोणाच्या सांगण्यावरून? नुसती तळमळ ह्यांपैकी एकाचेही उत्तर देत नाही. किंबहुना तळमळ जितकी तीव्र तितका जोर अधिक, आणि विलंब तोच राहिला तर हेलकावाही अधिक.

आरंभी उल्लेखिलेल्या कागदांकडे आता पुन्हा वळू. ते कपाटात राहिले तर वर्तुळ उघडेच आहे, आणि सभा घटिकापात्राप्रमाणे आपल्या गतीने बुडत राहील. उलट एकाच श्रोत्याच्या कागदावरून पुढील सारा कार्यक्रम फिरविला, तर एकाच मापकावर विसंबल्यासारखे होईल. आणि गतवर्षीच्या तक्रारींवरून ह्या वर्षीची सभा घाईघाईने उलटीपालटी केली, तर आपण दूरच्या बंबाचा नळ फिरवीत बसलो असे होईल. कागद अनेक असावेत, ते वेळेवर वाचले जावेत आणि बदल बेताचा असावा. एवढे साधले की त्या कागदांस खुशाल 'फीडबॅक' म्हणावे. आमची तक्रार राहणार नाही.